भिंतीवर गोचीड चढतायत, औषध बदलू की कुत्रा गावी पाठवू?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, तीन वर्षांचा लॅब्रॅडोर कुत्रा आणि दीड वर्षाचं बाळ. गणपतीच्या सुमारास कुत्र्याच्या अंगावर गोचीड दिसायला लागले. दोनदा स्पॉट-ऑन (खांद्यांच्या मधे कातडीवर सोडायचं औषध) लावलं, दर रविवारी टिक शॅम्पूने आंघोळ चालू आहे, मधेमधे पावडरही टाकली. दोन-तीन आठवडे बरं वाटतं आणि परत येतात, आता तर पडद्यावर आणि भिंतीवर चढताना दिसतायत. सासूबाई म्हणतात कुत्रा गावी पाठवा, मिस्टर म्हणतात औषध डुप्लिकेट आलंय, आणि मे महिन्यात सिंधुदुर्गात बांद्याजवळ गावी जायचंय तर तिथल्या माकडतापाची, म्हणजे रानातल्या गोचिडांतून होणाऱ्या तापाची, धास्ती वेगळीच.

मी पुण्यातच कुत्र्यामांजरांची प्रॅक्टिस करतो, बरीच वर्षं झाली. ऑक्टोबर ते जून अशा केसेस सतत येतात आणि गंमत म्हणजे जवळजवळ प्रत्येक घरात हेच तीन संशयित असतात, औषध, कुत्रा आणि खालच्या पार्किंगमधली भटकी कुत्री. खरा मुद्दा चौथाच असतो. तुमचा प्रॉब्लेम कुत्र्याच्या अंगावर कमी आणि घराच्या फटींमध्ये जास्त आहे.

हे का म्हणतो ते सांगतो कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे. आपल्या शहरात पाळीव कुत्र्यांवर जो गोचीड सापडतो तो बहुतेक वेळा तपकिरी कुत्रा-गोचीड असतो, शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. गोचिडांच्या बहुतेक जातींना जंगल लागतं, गवत लागतं, ओल लागते. याला काही लागत नाही. हा पूर्ण आयुष्य बंद फ्लॅटमध्ये काढू शकतो आणि पुण्याची हवा त्याला बारा महिने चालते. याचं आयुष्य असं, अंड्यातून सहा पायांचं पिल्लू निघतं, ते कुत्र्यावर चढून काही दिवस रक्त पितं आणि खाली पडतं. खाली म्हणजे तुमच्या घरात. तिथे कुठल्यातरी फटीत जाऊन कात टाकतं, आठ पायांचं होतं, परत कुत्र्यावर, परत काही दिवस रक्त, परत खाली, परत कात. मग तिसऱ्यांदा पूर्ण वाढलेला नर किंवा मादी म्हणून चढतो. मादी आठवडाभर किंवा थोडं जास्त रक्त पिऊन फुगते, करड्या-निळसर रंगाची, सेंटीमीटरभर होते, तुम्हाला जी हाताला लागते ती हीच, आणि मग तीही खाली पडते, फटीत जाते, तिथे दीड-दोन हजार, कधी चार हजारपर्यंत अंडी घालते आणि मरते.

म्हणजे हिशोब बघा. गोचीड आयुष्यातले थोडेच दिवस कुत्र्यावर असतो, बाकी सगळा वेळ घरात. आमच्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की कुत्रा ही त्यांची मेस आहे, रूम तुमच्या घरी घेतलेली आहे. तुम्ही मेसवर दोनदा धाड टाकली, रूमवर कोणी गेलंच नाही.

आणि "पंधरा-वीस दिवस बरं वाटतं आणि परत येतात" याचं उत्तरही यातच आहे. अंडी फुटायला आपल्याकडच्या उबेत साधारण तीन आठवडे लागतात, कात टाकायला दर वेळी आठवडा-दोन आठवडे. एक बॅच कुत्र्यावर मेली की तुम्हाला शांतता वाटते, तोपर्यंत फटीतली पुढची बॅच तयार होते. चांगली हवा मिळाली तर पूर्ण चक्र दोन-तीन महिन्यांत फिरतं. गणपतीत एक-दोन फुगलेल्या माद्या घरात पडल्या असतील तर दिवाळीनंतर भिंतीवर वरात दिसणं अगदी वेळापत्रकाप्रमाणे आहे. आणि उपाशी राहण्याची यांची ताकद भयंकर असते, मोठा गोचीड रक्ताशिवाय वर्षभरसुद्धा तग धरू शकतो. "महिनाभर बंद ठेवलं घर तरी गेले नाहीत" असं लोक म्हणतात ते त्यामुळे.

भिंतीवर चढणं ही तर याच जातीची सवय आहे. कुत्र्यावरून पडल्यावर हा वर चढतो, म्हणून पडद्याच्या वरच्या पट्टीत, दाराच्या चौकटीत, सीलिंगच्या कोपऱ्यात, स्विचबोर्डच्या कडेला सापडतो. झाडावरून अंगावर पडतात वगैरे जे ऐकतो आपण तसं नसतं, याला उडताही येत नाही, उडी मारताही येत नाही, नुसता चालतो. एका ओळखीच्यांच्या घरी मी बघायला गेलो होतो, पेस्ट कंट्रोल झालेलं, फरशी लख्ख, आणि तरी रोज दोन-चार सापडत होते. कुत्र्याची गादी जिथे होती त्याच्या बरोबर वर भिंतीवर कॅलेंडर होतं. ते उचललं तर मागे पत्र्याच्या पट्टीच्या वळणात तपकिरी, चकाकत्या बारीक दाण्यांचा पुंजका आणि त्याच्या शेजारी सुरकुतलेली मेलेली मादी. हजारो अंडी असतील ती, आणि महिना बदलला की त्याच कॅलेंडरचं पान उलटलं जात होतं. तर तुम्ही आज रात्री टॉर्च घ्या आणि कुत्रा जिथे झोपतो तिथून सुरुवात करून खालून वर बघत जा, स्कर्टिंगची फट, बेडची मागची बाजू, सोफ्याच्या खालचं कापड, वेताची खुर्ची असेल तर तिचे सांधे, शू रॅक, फोटोफ्रेमच्या मागे.

आता औषधाबद्दल. डुप्लिकेट असू शकतं, नाही म्हणत नाही, ऑनलाइन फार स्वस्त मिळालं असेल तर शंका घ्यावीच. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला आधी वेगळाच संशय येतो. स्पॉट-ऑन हे कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं. तुम्ही शनिवारी लावता आणि रविवारी शॅम्पू करता, म्हणजे अर्धं औषध ड्रेनेजमध्ये. लावायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही हा नियम आहे, आणि दर आठवड्याला टिक शॅम्पू चालू असेल तर महिनाभराचा असर कधीच मिळत नाही. दुसरं, लॅबची केसं दाट, दुपदरी. खांद्यांच्या मधे केस बोटांनी बाजूला करून कातडी दिसली पाहिजे आणि ट्यूबचं टोक कातडीला टेकलं पाहिजे. बहुतेक जण केसांवरच ओततात आणि मग वर हाताने चोळतात, ते औषध केसांवर सुकून जातं. तिसरं, काही भागांतल्या गोचिडांमध्ये जुन्या औषधांना रेझिस्टन्स आलेला दिसलाय, तेही शक्य आहे. पण आधीच्या दोन गोष्टी सुधारल्याशिवाय तिसरीवर खापर फोडू नये.

तुमच्या जागी मी काय करीन? घरात लहान बाळ आहे, ते कुत्र्याला मिठी मारणार, त्याचे केस तोंडात घालणार, म्हणून अंगावर लावायचं कुठलंच औषध न ठेवता खायच्या गोळीवर जाईन. फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर या गटातल्या चघळायच्या गोळ्या आता सगळीकडे मिळतात. अफॉक्सोलॅनर आणि सॅरोलॅनर महिन्याच्या हिशोबाने, फ्लुरालॅनर साधारण १२ आठवड्यांच्या. गोळी वजनाच्या गटाप्रमाणेच घ्यायची, मोठी गोळी आणून अर्धी करायची काटकसर नको. फ्लुरालॅनर जेवणासोबत द्यायची, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. महाग आहेत हे मान्य, पण चार महिने पावडर, शॅम्पू, स्पॉट-ऑनवर जे गेलं त्याची बेरीज करून बघा एकदा.

एक अट आहे. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर हे आधी डॉक्टरांना सांगायचं, कारण या गटाच्या औषधांनी काही कुत्र्यांमध्ये झटके येऊ शकतात, अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये याबद्दल सूचना काढली होती. माझ्या बघण्यात बहुसंख्य कुत्र्यांना काही होत नाही, एखाद्याला उलटी किंवा एक दिवस पोट बिघडतं. पण तुमच्या कुत्र्याला मी बघितलेलं नाही, वजन माहीत नाही, जुनी हिस्टरी माहीत नाही, म्हणून गोळी तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

गोळी दिल्यावर एक गोष्ट होईल आणि तुम्ही घाबराल म्हणून आधीच सांगतो. गोचीड तरीही कुत्र्यावर दिसतील. ही औषधं रक्तातून काम करतात, म्हणजे गोचिडाने चावा घेतला, रक्त प्यायला की मग मरतो, त्याला काही तास लागतात. त्यामुळे संध्याकाळी चढलेला गोचीड रात्री जिवंत दिसणारच. आठव्या दिवशी मला फोन येतो, "डॉक्टर, गोळी फेल गेली". फेल नाही गेली, अंगावर फुगलेली मादी सापडते का ते बघा. चपटे, वाळके, मेलेले सापडतायत आणि फुगलेला एकही नाही, तर औषध चोख काम करतंय.

आणि म्हणूनच सासूबाईंच्या मुद्द्यावर माझं स्पष्ट मत, कुत्रा घराबाहेर पाठवू नका. त्यांची काळजी समजते, घरात तान्हं पोर आहे म्हटल्यावर कोणीही हेच म्हणेल. पण विचार करा, घरातल्या फटींमध्ये शेकडो उपाशी गोचीड बसलेत, त्यांना श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आणि उबेचा वास लागतो आणि ते त्या दिशेने निघतात. त्यांचं आवडतं रक्त कुत्र्याचं. कुत्रा काढलात तर ते मरणार नाहीत, महिनोनमहिने थांबतील, आणि घरात दुसरं उबदार रक्त कोणाचं आहे? गोळी दिलेला कुत्रा घरात फिरतोय म्हणजे जो कोणी बाहेर येईल तो त्याच्यावर चढेल आणि मरेल, अंडी घालायला परत जाणारच नाही. माझ्या बघण्यात घरं साफ झाली ती अशीच, कुत्रा घरात ठेवून. शिवाय कुत्रा गावी गेला तर जाताना इथले गोचीड तिकडच्या घरात नेणार, ते वेगळंच.

यात शिस्त एकच, खंड पडू द्यायचा नाही. दीड महिन्यात गोचीड दिसेनासे होतात आणि लोक "आता कशाला" म्हणून पुढची गोळी टाळतात. फटीतले उरलेले तेवढ्याचीच वाट बघत असतात. एकही गोचीड न दिसता निदान तीन-चार महिने औषध चालू राहिलं पाहिजे आणि खरं विचाराल तर पुण्यात मी वर्षभर चालू ठेवायला सांगतो.

घराचं काय करायचं. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचं ते निमुळतं तोंड लावून सगळ्या फटी, स्कर्टिंग, गादीच्या शिवणी ओढून घ्या आणि धुळीची पिशवी लगेच बांधून बाहेरच्या कचऱ्यात, नाहीतर ते मशीनमधून परत बाहेर येतात. कुत्र्याची गादी, चादरी कडकडीत गरम पाण्यात. कुत्रा गोणपाटावर झोपत असेल तर धुवायच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या. फिनेलने फरशी पुसून गोचीड मरत नाहीत, उलट कुत्रा पंजे चाटतो आणि फिनेल पोटात जातं.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं असेल तर फोनवरच "गोचीड" हा शब्द वापरा, नुसतं पेस्ट कंट्रोल म्हटलं की तो झुरळाची जेल लावून जातो, तिचा इथे शून्य उपयोग. फवारणी फटी, चौकटी, कोपरे एवढ्यापुरतीच करून घ्या, तुमचं बाळ फरशीवर असतं तर सगळ्या फरशीवर औषध मारू देऊ नका. पूर्ण सुकेपर्यंत बाळ आणि कुत्रा दोघंही बाहेर. घरात फिश टँक असेल तर झाकून एअर पंप बंद, डेल्टामेथ्रिन-सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशांना फार विषारी असतात. आणि एका फवारणीत होत नाही, अंड्यांवर औषधाचा भरवसा नसतो, म्हणून अडीच-तीन आठवड्यांनी दुसरी, कधी तिसरीही. आधीच तसा रेट ठरवून घ्या.

आता काय करू नका त्याची यादी मोठी आहे पण पटकन सांगतो. गोचिडावर रॉकेल, डिझेल, पेटती अगरबत्ती, नेलपॉलिश काहीही नको, त्याने तो सुटत नाहीच, उलट त्रास झाला की तोंडातली लाळ जखमेत ओकण्याची भीती असते. लसूण खाऊ घालतात काही जण, लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्तपेशींना मारक आहे. करंज तेल, कडुनिंब यांनी थोडेफार दूर राहत असतील, पण भिंतीवर चढण्याइतकी संख्या झाल्यावर त्यांच्या भरवशावर राहणं म्हणजे वेळ घालवणं. गोचिडाचं इंजेक्शन म्हणून जे कंपाउंडर देऊन जातात ते बहुतेक वेळा आयव्हरमेक्टिन असतं, त्याचा गोचिडांवर विशेष असर नाही आणि कोलीसारख्या काही जातींना ते जिवावर बेतू शकतं. आणि गावाकडून येणारा सल्ला, गोठ्यातलं औषध किंवा शेतात फवारायचं कीटकनाशक अंगावर चोळायचं, हे तर अजिबात नको. दरवर्षी एक तरी कुत्रा लाळ गाळत, थरथरत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या अशा अवस्थेत आमच्या टेबलावर येतो, वेळेत आला तर अ‍ॅट्रोपिन या उताऱ्यावर वाचतो. गुरांचा गोचीडही बऱ्याचदा वेगळ्या जातीचा असतो, गाईवरचा नेहमीचा जो आहे तो पिल्लापासून मोठा होईपर्यंत एकाच जनावरावर राहतो, त्यामुळे तिथे जनावर धुतलं की बरंच काम होतं. कुत्र्याच्या गोचिडाचं तसं नाही हे वर सांगितलंच. ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला लागलं तर मांजर दगावू शकतं.

गोचीड काढायचा कसा हेही विचारलंय. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीच्या अगदी लगत, गोचिडाच्या तोंडाजवळ पकडा, पोटाला नाही, आणि सरळ वर सावकाश ओढा, झटका नको, पिळ नको. निघाला की छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये. बोटांनी चिरडू नका, त्याच्या रक्तात काय आहे आपल्याला माहीत नसतं आणि बोटाला चीर असतेच कुठेतरी. जागा अँटिसेप्टिकने पुसा. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर उकरत बसू नका, काही दिवसांत कातडी तो बाहेर टाकते, छोटी गाठ राहते थोडे दिवस. शोधायच्या जागा म्हणजे कानाच्या पाळीच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या मधे, काखेत, शेपटीखाली. रोज रात्री पाच मिनिटं.

आणि हो, काढण्याआधी तो गोचीडच आहे ना ते बघा. हसू नका, एक गृहस्थ त्यांच्या लॅबला घेऊन आले होते, पोटावर चिकटलेला गोचीड काही केल्या निघेना, तीन दिवस चिमट्याने प्रयत्न करून जागा लालभडक सुजलेली. ते स्तनाग्र होतं. नर कुत्र्यालाही ते असतात, दोन ओळींत, दोन्ही बाजूला सारखे. केस बाजूला करून भिंगातून बघा, पाय दिसले तरच ओढा. चामखीळही अशीच फसवते.

आतापर्यंतचं एका दमात: गोळी चालू, खंड नाही, कुत्रा घरातच, फटी साफ, फवारणी परत परत, शॅम्पू बंद केलात तरी चालेल. आता जी गोष्ट तुम्ही विचारलीच नाही पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की "हल्ली जरा सुस्त असतो, खाणं कमी झालंय, थंडीमुळे असेल". चार महिने गोचीड अंगावर असलेला कुत्रा सुस्त झाला तर मी थंडी हे कारण सगळ्यात शेवटी धरतो. या गोचिडातून आपल्याकडे प्रामुख्याने अर्लिकिया आणि बबेसिया हे दोन आजार जातात, ज्याला लोक सरसकट टिक फीवर म्हणतात. शिवाय हेपाटोझून नावाचा एक आहे तो गोचीड चावून नाही तर कुत्र्याने गोचीड चाटून गिळला की होतो. अर्लिकियाची लक्षणं चावल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांत दिसतात, ताप, जेवण सोडणं, डोळ्यातून चिकट पाणी, प्लेटलेट कमी होऊन पोटाच्या कातडीवर लाल बारीक ठिपके, नाकातून रक्त. पण वाईट भाग असा की काही कुत्री यातून वरवर बरी होतात आणि आजार आत दबून राहतो, महिन्यांनी एकदम कोसळतात. बबेसियात रक्तपेशी फुटतात, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद तपकिरी होते.

तर उद्याच हे करा. कुत्र्याचा ओठ उचलून हिरडीचा रंग बघा, गुलाबी आहे का फिका. पोटावरचे केस विरळ असतात तिथे उजेडात ठिपके बघा. लघवीचा रंग बघा. आणि काही दिसो न दिसो, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि ब्लड स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकातून बघतात ती तपासणी) करून घ्या, गरज वाटली तर डॉक्टर रॅपिड किट किंवा पीसीआर सांगतील. अर्लिकिया निघाला तर डॉक्सीसायक्लिन साधारण २८ दिवस चालतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कुत्रा उड्या मारायला लागतो आणि लोक बंद करतात, ते करू नका. गोळी जेवणासोबत आणि वर पाणी पाजून. बबेसियाचं औषध वेगळं आहे, त्यामुळे मेडिकलमधून अंदाजाने डॉक्सी आणून सुरू करणं यात धोका आहे, दोन्ही आजार एकत्रही असतात. पपईच्या पानांचा रस प्लेटलेटसाठी देतात, त्यावर विसंबून टेस्ट पुढे ढकलू नका एवढंच म्हणेन. तापासाठी आपली आयबुप्रोफेन किंवा ताप-अंगदुखीची कुठलीही गोळी द्यायची नाही, प्लेटलेट आधीच कमी असताना पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

बाळाबद्दल. हा गोचीड माणसाला क्वचित चावतो, त्याला कुत्रा मिळत असेल तर तो तुमच्या वाटेला सहसा जात नाही. पण "कधीच नाही" असं मी म्हणणार नाही. कुत्र्याचा अर्लिकिया बाळाला कुत्र्याकडून शिंकेतून, चाटण्यातून वगैरे लागत नाही, ती भीती काढून टाका. मात्र या गोचिडाच्या चाव्यातून माणसाला रिकेट्सिया नावाच्या जिवाणूचा एक ताप होऊ शकतो, त्याला इंडियन टिक टायफस म्हणतात, महाराष्ट्रातही केसेस होतात. म्हणून बाळाला आंघोळ घालताना कानामागे, मानेवर, काखेत, केसांत बघत जा, आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, विशेषतः अंगावर पुरळ, तळहात-तळपायावर पुरळ असेल तर बालरोगतज्ज्ञांनी विचारलं नाही तरी त्यांना आपणहून सांगा की घरात गोचीड आहेत. हे वाक्य सांगितलं नाही तर त्यांना सुचण्याचं कारण नाही आणि उपचार लवकर सुरू झाले तर हा आजार चांगला आटोक्यात येतो.

आता बांदा. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, हा १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला आणि तो शोधण्यात आपल्या पुण्यातल्याच व्हायरस रिसर्च सेंटरचा, म्हणजे आताच्या एनआयव्हीचा वाटा होता. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा पट्ट्यात २०१६ पासून याचे पेशंट सापडले. तुमची भीती अगदीच हवेतली नाही. पण तो पसरवणारा गोचीड वेगळा, हिमाफायसॅलिस जातीचा, जंगलातला, आणि माणसाला चावतं ते त्याचं मधल्या अवस्थेतलं बारीक पिल्लू, जे पटकन दिसतही नाही. तुमच्या पडद्यावरच्या गोचिडांचा आणि माकडतापाचा संबंध नाही.

हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा. काजूच्या बागेत पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पाल्यात, बसणं, लाकडं-पाला गोळा करायला रानात जाणं, यात चावे बसतात. तुम्ही गावच्या घरात राहणार असाल, मुलांना घेऊन बागेत दिवसभर फिरणार नसाल तर धोका तसा कमी. जाणारच असाल तर पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, उघड्या अंगाला डेपा हे गोचीड दूर ठेवणारं तेल (लहान बाळाला लावायचं की नाही ते बालरोगतज्ज्ञांना विचारून), आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि सगळ्यांची अंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, कुत्र्यालाही जाऊ द्यायचं नाही, ग्रामपंचायतीला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं, कारण माकडं मरायला लागणं हीच तिथली पहिली घंटा असते. माकडताप माणसाकडून माणसाला लागत नाही. परत आल्यावर एकदम जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं असं झालं तर बांद्याला जाऊन आलोय हे डॉक्टरांना आधी सांगा.

कुत्र्याला न्यायचं का? मी नेईन, पण गोळीचा असर चालू असताना, रानात मोकळा न सोडता, आणि रात्री घरात घ्यायच्या आधी अंग चाचपून. रानातले गोचीड अंगावर घेऊन तो अंथरुणात येणार असेल तर मात्र तेवढे दिवस इथेच ओळखीच्यांकडे ठेवा. हे तुमचं घर जंगलाला किती लागून आहे यावर आहे, ते तुम्हीच ठरवा.

खालच्या पार्किंगमधल्या कुत्र्यांचं म्हणाल तर तीच गोळी त्यांनाही चालते. सोसायटीत त्यांना खाऊ घालणारं कोणीतरी असतंच, वर्गणी काढून चिकनच्या तुकड्यातून दिली तर लिफ्ट, जिना आणि वॉचमनची खुर्ची, जिथून तुमचा कुत्रा रोज नवीन गोचीड घेऊन वर येतो, ते सगळं थंडावतं. भांडणापेक्षा स्वस्त पडतं.

कुत्र्याचं आत्ताचं वजन, कधी फिट आली होती का, आणि सीबीसी झाला की प्लेटलेटचा आणि हिमोग्लोबिनचा आकडा इथे टाका, मग पुढचं बोलू. हिरड्या पांढऱ्या दिसल्या किंवा लघवी गडद असेल तर इथे लिहित बसू नका, सरळ दवाखाना गाठा.